इटेनची शाळा आणि तिथले धावपटू

मागच्या हिवाळ्यात एका आदिवासी वसतिगृहाच्या क्रीडादिनाला जाण्याचा योग आला. शाळेमागचे मैदान फक्कीने आखले होते. मुलींच्या ८०० मीटर शर्यतीत नववीतली एक मुलगी पहिल्या फेरीतच पुढे निघाली आणि शेवटी दुसरीपेक्षा पाव फेरी पुढे राहून आली. पायात काही नव्हते. माझ्या शेजारी संस्थेचे एक जुने देणगीदार बसले होते. ते मनापासून कौतुकाने म्हणाले, "यांच्या रक्तातच असतं हो हे. डोंगरातली मुलं!" बक्षीस वाटप झाले, चहा झाला. निघताना मी वसतिगृहाच्या बाईंना सहज विचारले, हिला धावायला कोण शिकवते? बाई म्हणाल्या, "कोणी नाही. वर्षातून एकदा, आजच्या दिवशी धावते."

ते दोन्ही उद्गार माझ्या मनात एकमेकांशेजारी बसले आहेत. रक्तातच असेल तर शिकवायला माणूस कशाला हवा? कौतुकाच्या या एका वाक्याने आपली केवढी तरी जबाबदारी हलकी होते. म्हणून या अंकातील अभ्यासासाठी, हे वाक्य जगात ज्यांच्याविषयी सर्वांत जास्त वेळा बोलले गेले असेल, त्या लोकांकडे जाऊ या. ते आहेत पूर्व आफ्रिकेतील केनियाच्या पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेशात राहणारे कालेन्जिन.

कालेन्जिन ही एक जमात नाही. नंदी, किप्सिगिस, केइयो, माराक्वेत, तुगेन, पोकोट, साबाओत अशा जवळच्या बोली बोलणाऱ्या जमातींचे ते एकत्रित नाव आहे, आणि तेही फार जुने नाही. 'मी तुम्हाला सांगतो' अशा अर्थाचा तो शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेडिओवरून कानावर पडू लागला आणि पुढे या सगळ्यांची ओळख झाला. गुरे पाळणारे हे लोक. पुढे मका आणि चहाही पिकवू लागले. केनियाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्के. पण केनियाने लांब आणि मध्यम पल्ल्याच्या शर्यतींत मिळवलेली बहुतेक पदके याच लोकांची.

सुरुवात १९६४ साली टोकियोत झाली. विल्सन किप्रुगुट या किप्सिगिस तरुणाने ८०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. केनियाचे ते पहिले ऑलिंपिक पदक. चार वर्षांनी मेक्सिकोत किपचोगे केइनो हा नंदी पोलीस उतरला. केइनो लहानपणीच आईला पारखा झालेला. मेक्सिकोत तो पित्ताशयाच्या दुखण्याने बेजार होता, १० हजार मीटरच्या शर्यतीत तर कोसळलाच. तरी ५ हजार मीटरमध्ये रौप्य मिळवले, आणि १५०० मीटरच्या अंतिम फेरीच्या दिवशी वाहनांच्या गर्दीत बस अडकली म्हणून उरलेले अंतर धावत जाऊन स्टेडियम गाठले आणि अमेरिकेच्या जिम रायनला मागे टाकून सुवर्णपदक जिंकले. त्याच स्पर्धेत आमोस बिवोट या नंदी तरुणाने ३००० मीटर स्टीपलचेस जिंकली. पाण्याचा खड्डा आणि लाकडी अडसर ओलांडत धावायची ही शर्यत. त्यानंतर २०१६ पर्यंत ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये केनिया उतरला त्या प्रत्येक वेळी पुरुषांच्या स्टीपलचेसचे सुवर्ण केनियालाच मिळाले. १९७६ आणि १९८० मध्ये केनियाने बहिष्कार टाकला होता, तेवढाच खंड. केइनोने आणि त्याची पत्नी फिलिस हिने पुढे एल्डोरेटजवळ अनाथ मुलांसाठी घर आणि शाळा काढली, हे आपल्या वाचकांना कदाचित पदकांहून जवळचे वाटेल.

मग लोक कारणे शोधू लागले. पहिले कारण उंची. इटेन हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे, विषुववृत्ताच्या थोडे उत्तरेला. आपले कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे इटेनचा बाजार कळसूबाईच्या माथ्याहून कितीतरी वर भरतो. गावाच्या कडेला उभे राहिले की पायाखाली कडा तुटतो आणि हजाराहून अधिक मीटर खाली केरिओचे उष्ण खोरे दिसते. विरळ हवेत राहणाऱ्याचे रक्त प्राणवायू वाहून नेण्यात तरबेज होते, हे खरे. पण मग अँडीज आणि हिमालयाच्या गावागावांतून असे धावपटू का निघाले नाहीत?

दुसरे कारण शरीराचे. कालेन्जिन मुलांच्या पोटऱ्या बारीक आणि पाय हलके असतात, त्यामुळे धावताना शक्ती कमी खर्च होते, असे डेन्मार्कहून गेलेल्या अभ्यासकांनी मोजून सांगितले. हेही नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट मोजली. खेड्यातली नंदी मुले आणि शहरात वाढलेली नंदी मुले यांची तुलना केली, तर दमात खेड्यातली मुले स्पष्टपणे सरस निघाली. रक्त एकच. फरक होता तो रोज गुरांमागे आणि शाळेकडे तुडवलेल्या वाटेचा. केनियातीलच एका पाहणीत नामवंत धावपटूंपैकी पुष्कळजण लहानपणी शाळेत धावत जाणारे निघाले, सर्वसाधारण मुलांपेक्षा कितीतरी जास्त. या पाहणीच्या कर्त्यांपैकी एक होते माइक बोइट. १९७२ साली म्युनिकमध्ये ८०० मीटरचे कांस्यपदक जिंकलेले हे कालेन्जिन धावपटू पुढे व्यायामशास्त्राचे प्राध्यापक झाले. धावणारा मुलगा आपल्याच लोकांचा अभ्यासक होतो, ही गोष्ट मला तरी पदकाहून मोठी वाटते.

आणि तिसरे कारण गरिबी. हे कारण आपल्याकडे फार लवकर ओठांवर येते. अनवाणी पाय, पाण्याचे हंडे, डोंगराची चढण, आणि त्यातून विजेता. गरिबीतून विजेते निघत असते तर आपल्या प्रत्येक पाड्यावर एक ऑलिंपिकवीर असता. उपाशी मूल धावत नाही, ते बसून राहते. इटेनचे खेळाडू मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, म्हणजे उगाली, हिरवी पालेभाजी, दूध आणि भरपूर गोड चहा यावर वाढतात. अन्न साधे आहे, पण पोटभर आहे.

आता शाळेकडे येतो. माझ्या मते अभ्यासाचा गाभा इथे आहे.

इटेनमध्ये सेंट पॅट्रिक्स ही मुलांची माध्यमिक निवासी शाळा आहे. आयर्लंडमधील पॅट्रिशियन ब्रदर्स या कॅथलिक व्रतस्थांच्या संघाने ती चालवली. ब्रदर म्हणजे धर्मगुरू नव्हे. शिक्षणासारख्या सेवेला वाहून घेतलेला व्रतस्थ, असे आपल्या इतर मंडळींतील वाचकांसाठी सांगून ठेवतो. वर ज्यांचा उल्लेख आला ते माइक बोइट याच शाळेचे विद्यार्थी. १९७६ साली कोल्म ओकॉनेल नावाचे तरुण ब्रदर इथे भूगोल शिकवायला आले. थोडा काळ राहावे आणि परतावे असा बेत होता. धावण्याचे प्रशिक्षण त्यांनी कधी घेतले नव्हते आणि दिलेही नव्हते. शाळेत पीटर फोस्टर हा ब्रिटिश शिक्षक मुलांना धावायला शिकवत असे. मॉन्ट्रिअल ऑलिंपिकमध्ये १० हजार मीटरचे कांस्य मिळवणाऱ्या ब्रेंडन फोस्टरचा हा भाऊ. ओकॉनेल त्याच्या हाताखाली मदत करू लागले. फोस्टर मायदेशी परतला आणि मैदान या भूगोलाच्या मास्तरांच्या हाती आले.

त्यांच्यापाशी ना पुस्तक होते, ना पदवी. म्हणून त्यांनी पाहायला सुरुवात केली. मुलगा पाऊल कुठे टाकतो, खांदे कधी ताठतात, दमल्यावर मान कुठे जाते, आणि शर्यत हरल्यावर तो काय बोलतो. मुलांना विचारायचे, ऐकायचे, आणि मग सांगायचे. आजही त्यांच्या शिकवण्यात हळू धावण्याला, शरीर ताठ आणि मोकळे ठेवण्याच्या कवायतींना आणि गटाने धावण्याला मोठी जागा आहे. पुढे जगातले अनेक प्रशिक्षक त्यांच्याकडून शिकायला इटेनला आले, तेव्हा त्यांना भेटले ते गवताचे मैदान आणि लाल मातीचा रस्ता.

फळ यायला वेळ लागला. आकडे पाहताना हे विसरू नये. ब्रदर आले १९७६ मध्ये. शाळेचा माजी विद्यार्थी इब्राहिम हुसेन न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकणारा पहिला आफ्रिकी ठरला १९८७ मध्ये. १९८८ मध्ये सोलला पीटर रोनोने १५०० मीटरचे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, वयाच्या २१व्या वर्षी. म्हणजे मध्ये ११-१२ वर्षे गेली. आपल्या किती प्रकल्पांना आपण ११ वर्षे देतो? तीन वर्षांनी अहवाल मागतो, आणि त्यात 'निष्पत्ती' या रकान्यात काही लिहिलेले नसेल तर कपाळाला आठी घालतो.

त्यानंतर मॅथ्यू बिरिर १९९२ मध्ये स्टीपलचेसचा विजेता झाला. विल्सन किपकेटर डेन्मार्ककडून धावून ८०० मीटरचा तीन वेळा जगज्जेता ठरला. जागतिक पदक जिंकून आलेला माजी विद्यार्थी शाळेच्या आवारात एक झाड लावतो आणि झाडापाशी त्याच्या नावाची पाटी लागते. आज तिथे सावली दाट आहे.

ब्रदर कोल्म यांचा सर्वांत प्रसिद्ध शिष्य मात्र कालेन्जिन म्हणून वाढलाच नाही. डेव्हिड रुडिशा मासाई घरातला. त्याचे वडील १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये रिले शर्यतीचे रौप्यपदक मिळवणारे. शाळकरी वयात तो इटेनला आला आणि ब्रदरांच्या गटात धावू लागला. ९ ऑगस्ट २०१२ रोजी लंडनमध्ये ८०० मीटर तो पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत सर्वांच्या पुढे राहून १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावला. हा विश्वविक्रम झाला. मुलगा दुसऱ्या मुलखातून, दुसऱ्या घरातून आला आणि तरी याच मैदानावर घडला. रक्ताचे गणित इथे पुरत नाही.

आपल्या मातीतूनही याला उत्तर मिळाले आहे. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांच्या १० हजार मीटर शर्यतीत पहिल्या दोघी केनियाच्या होत्या आणि तिसरी होती नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याचे वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिला प्रशिक्षक विजेंद्रसिंग भेटले, वर्षानुवर्षे तिला घडवत राहिले, हे तिच्या प्रत्येक कहाणीत येते. पण ऐकणारे 'पाण्यासाठी डोंगर तुडवणारी मुलगी' एवढेच लक्षात ठेवतात. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे केनियाच्या बालेकिल्ल्यात, म्हणजे स्टीपलचेसमध्ये, ८ मिनिटे ११.२० सेकंदांत दुसरा आला. पहिल्या आलेल्या अब्राहम किबिवोटपासून तो अवघा ०.०५ सेकंद मागे होता. त्याआधी कित्येक स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाबाहेर गेली नव्हती. साबळे आदिवासी नाही, उंच डोंगरातलाही नाही. दुष्काळी भागातला, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईवडिलांचा मुलगा. तो घडला सैन्यात गेल्यावर, जिथे जेवण होते, वेळ होता आणि शिकवणारे होते.

आता मुलींकडे वळले पाहिजे, कारण मला त्या क्रीडादिनाची मुलगी विसरता येत नाही.

केनियाच्या पुरुषांनी पदके मिळवून दोन दशके लोटली तरी मुली मागेच होत्या. डोंगर तोच, हवा तीच, शाळेची वाटही तीच. मुली दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत मुलांइतक्याच धावत, मग घरकाम आणि लग्न. सुझन सिर्माने १९९१ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवले. १९९३ मध्ये सॅली बार्सोसिओ हिने अवघ्या १५व्या वर्षी १० हजार मीटरचे कांस्य आणि १९९७ मध्ये अथेन्सला सुवर्ण मिळवले. ऑलिंपिक सुवर्ण मात्र केनियाच्या महिलेला पहिल्यांदा मिळाले ते २००८ मध्ये, पामेला जेलिमोला. किप्रुगुटच्या पदकानंतर ४४ वर्षांनी! मध्ये काय घडले, तर शाळांच्या सुट्टीत इटेनला कनिष्ठ मुलामुलींची शिबिरे होऊ लागली आणि ब्रदर कोल्म यांनी मुलींकडे मुद्दाम लक्ष दिले. एडना किपलागाट, व्हिव्हियन चेरुयोट यांसारख्या पुढच्या जगज्जेत्या त्या शिबिरांतून गेल्या. लॉर्ना किपलागाट या धावपटूने २००० च्या सुमारास इटेनला स्वतःच्या पैशाने प्रशिक्षण केंद्र उभे केले. तिचे कारण साधे होते. इतर शिबिरांत मुलींना पुरुष खेळाडूंसाठी स्वयंपाक आणि धुणीभांडी करावी लागत आणि उरलेल्या वेळात धावावे लागे.

पोकोट जमातीच्या तेग्ला लोरूपेची गोष्ट अशीच. वडिलांच्या चार बायका, चोवीस भावंडे. वडिलांचा विरोध, आईचा तेवढा पाठिंबा. शरीराने इतकी लहानखुरी की क्रीडा अधिकाऱ्यांना ती खेळाडूच वाटेना. १९९४ मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकणारी ती पहिली आफ्रिकी महिला झाली, पुढे तिने मॅरेथॉनचा विश्वविक्रमही केला. तिच्या भागात पोकोट, तुर्काना, कारामोजोंग या जमाती गुरांच्या चोरीवरून एकमेकांचे जीव घेत. २००३ मध्ये तिने शांतीसाठी संस्था काढली आणि या जमातींच्या तरुणांना एकाच शर्यतीत धावायला बोलावले. २०१६ मध्ये रिओला निर्वासितांचा पहिला ऑलिंपिक संघ उतरला, त्याची प्रमुख तेग्लाच होती.

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण आपण अभ्यास करतो आहोत.

१३ ऑक्टोबर २०२१ रोजी इटेनमध्येच, स्वतःच्या घरात, अ‍ॅग्नेस तिरोप हिचा भोसकून खून झाला. वय २५. दोन जागतिक कांस्यपदके तिच्या नावावर होती आणि महिनाभरापूर्वीच तिने फक्त महिलांसाठीच्या रस्त्यावरच्या १० किलोमीटर शर्यतीचा विश्वविक्रम केला होता. खुनाचा आरोप तिच्या नवऱ्यावर आला. त्यानंतर त्या भागातील धावपटू मुली बोलू लागल्या. मुलगी जिंकू लागली की तिच्याभोवती माणसे जमतात. कोणी प्रशिक्षक म्हणून, कोणी नवरा म्हणून. बक्षिसाचे पैसे आणि जमिनीचे कागद त्यांच्या हाती जातात. तिरोपच्या मैत्रिणींनी तिच्या नावाने अशा मुलींसाठी संस्था काढली आहे. उत्तेजक औषधांचे दुसरे दुखणेही आहे. रिओत मॅरेथॉनचे सुवर्ण जिंकलेली जेमिमा सुमगोंग पुढच्याच वर्षी चाचणीत दोषी ठरली, आणि तिच्यामागे केनियाच्या बंदी घातलेल्या खेळाडूंची यादी लांबत गेली. एका शर्यतीचे पैसे म्हणजे घर, शेत, भावंडांची फी, अशी स्थिती असते तेव्हा बाटली पुढे करणारा कोणीतरी भेटतोच.

यावर, धावायला शिकवणेच धोक्याचे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. शिबिर मुलीला पदकापर्यंत पोहोचवते, पण बँकेचे पासबुक, करार आणि घरातला नवरा यांच्याशी कसे वागायचे ते तिला कोणी शिकवले नव्हते. माइक बोइट यांना शाळेने पाय आणि पुस्तक दोन्ही दिले होते. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना शर्यतीचे उदाहरण घेतले, तेव्हा त्याचा भर तयारीवर आणि संयमावर होता. त्या शहरातले वाचक खेळांचे मैदान जवळून ओळखत होते, त्यांना ते लगेच समजले असणार.

ब्रदर कोल्म शाळेतील कामातून निवृत्त झाल्यावरही इटेनमध्येच राहिले. थोड्या काळासाठी आलेला माणूस चार दशकांहून अधिक काळ तिथे राहिला.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा त्या वसतिगृहाच्या बाईंना मी फोन केला. मुलगी आता दहावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेली तेव्हा तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. बाई स्वतः पाड्यावर जाऊन आल्या, तिच्या आईशी आणि मोठ्या काकांशी बोलल्या, आणि परीक्षेपर्यंत तरी विषय थांबला आहे. जवळच्या शाळेतले खेळाचे एक तरुण शिक्षक शनिवारी सकाळी येऊ लागले आहेत. तिच्याबरोबर आणखी सहाजणी धावतात. बाईंनी संस्थेकडे दोन गोष्टी मागितल्या आहेत. सकाळी धावून आल्यावर मुलींना एक एक अंडे आणि दूध, आणि त्या शिक्षकांचा येण्याजाण्याचा खर्च, निदान पाच वर्षांसाठी. बूट नकोत, म्हणाल्या. बूट देणारे पुष्कळ भेटतात.